झाकण लावलं की चालू

अनसूयाक्का देवणीकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या तोंडात पाणी होतं. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून त्या खुर्चीत बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मानेनं समोरच्या टेबलाकडे खूण केली. टेबलावर एक पांढरी पेटी, एक बॅटरी, काही वायरी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. मला वाटलं, बाईंची दाढ ठणकत असणार.

“डॉक्टरकडे सोडू का?” मी विचारलं. “गाडी आहे माझ्याकडे.”

त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा पेटीकडे खूण केली. नोकरीचा पहिला दिवस होता. आपली परीक्षा चाललीय एवढं कळलं आणि मी पेटीला हात घातला. एक स्क्रू टेबलाखाली गेला. तो शोधायला वाकलो तर डोकं टेबलाला लागलं. बॅटरी उलटी बसवली. ती उलटी आहे हे मला पेटीतून आलेल्या जळक्या वासावरून समजलं. अक्कांचे डोळे मोठे होत गेले, पण हात काही मांडीखालून निघाले नाहीत. शेवटी त्या उठल्या, बेसिनपाशी जाऊन चूळ टाकली आणि पदराला तोंड पुसत परत आल्या.

“वा,” त्या म्हणाल्या. “इतक्या लवकर आजवर कुणी बिघडवली नव्हती. तुम्ही फार कामाचे आहात. उद्यापासून रोज यायचं.”

पुण्यात मी बारा ठिकाणी मुलाखती दिल्या असतील, पण माझ्या नेमक्या गुणावर बोट ठेवून नोकरी देणारं माणूस मला हैदराबादेतच भेटलं.

आमची संस्था नल्लकुंट्यात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली टिफिन सेंटर आहे, त्यामुळे आमचे सगळे शोध सांबाराच्या वासात लागतात. काम असं, की हवा, पाणी, माती यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना मोजमापाच्या पेट्या बनवून द्यायच्या. जंगलात किंवा तलावाकाठी एकच थर्मामीटर लावून भागत नाही. पुष्कळ पेट्या पसरून ठेवाव्या लागतात. प्रत्येक पेटी आपलं मोजमाप रेडिओवरून शेजारच्या पेटीला सांगते, ती पुढच्या पेटीला, असं करत सगळं एका मोठ्या पेटीत गोळा होतं आणि तिथून मोबाइलच्या जाळ्यातून शास्त्रज्ञाच्या ऑफिसात. सांगायला सोपं आहे. पण पूर्वी हे जाळं बसवायचं म्हणजे लॅपटॉप, केबल, प्रत्येक पेटीला नंबर, प्रत्येक नंबरासाठी वेगळ्या आज्ञा. नुसत्या आवाजावरून बेडकाची जात ओळखणारी मोठमोठी माणसं चिखलात मांडी घालून, लॅपटॉप गुडघ्यावर ठेवून, कुठला स्वल्पविराम चुकला ते शोधत बसायची.

“बेडूक समजणाऱ्या माणसाला वायर कायकू समजायला पाहिजे?” हा अक्कांचा प्रश्न.

मला घेतलं होतं ते माहितीपुस्तिका लिहायला. म्हणून अक्का मला ‘लेखकसाहेब’ म्हणायच्या, आणि त्या शब्दात आदर किती आणि चिमटा किती हे मला कधी कळलं नाही. माझी नोकरी पुस्तिका लिहिण्याची आणि अक्कांची नोकरी ती फाडण्याची. मी एक प्रकरण लिहून न्यावं, अक्कांनी ते मन लावून वाचावं, आणि पेटीत असा काही बदल करावा की ते प्रकरणच नको व्हावं. ‘पेटीला नंबर कसा द्यावा’ हे प्रकरण मला फार जमलं होतं. दुसऱ्या आठवड्यात पेट्या आपापसात ठरवून स्वतःच नंबर घ्यायला लागल्या. ‘जवळची पेटी कशी शोधावी’ हे आकृत्यांसह लिहिलं, तर पेट्या एकमेकींना आपणहून हाका मारायला लागल्या.

“बघा की,” अक्का म्हणायच्या, “तुम्ही जितकं छान लिहायलात, तितका डबा सुधरायलाय.”

तोंडातल्या पाण्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. देवणीचं शेतकरी घराणं, घरात सगळ्यांत थोरली मुलगी, त्यामुळे दुसऱ्याला सांगायची लई खोड. पूर्वी कुणी पेटी जोडून बघत असला की अक्कांच्या तोंडून निघायचंच, “अवो तसं नक्को, असं.” मग त्या माणसाला जमायचं, पेटी पास व्हायची, आणि जंगलात गेल्यावर नापास. “जंगलात पेटीसंगं मी जाते का? नाही जात. मग हितं बोलून काय फायदा?” म्हणून पाणी. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. समोरच्याला जमेपर्यंत धरून ठेवायचं. आणि हात मांडीखाली, कारण तोंड बंद झालं की हात सांगायला लागतात.

पेटीला त्या डबाच म्हणत, कारण तो डबाच होता. अगदी पहिल्यांदा त्यांनी अफझलगंजच्या बाजारातून स्टीलचे जेवणाचे डबे आणले होते. पण स्टीलमधून रेडिओची लहर बाहेर पडेना, सगळे डबे आपापल्या पोटात बोलत बसले. मग प्लास्टिकचे, पांढऱ्या अंगाचे आणि निळ्या झाकणाचे. दुकानात अक्का प्रत्येक डबा बादलीत बुडवून बघायच्या. दुकानदार एकदा कंटाळून म्हणाला, “अम्मा, इसमें खाना रखना है की नाव चलाना है?” अक्कांनी शांतपणे पुढचा डबा बुडवला. डबा चालू झाल्याचा दिवा बाहेरून दिसावा म्हणून झाकणाला एक बारीक भोक पाडावं लागे. ते वाकडं पडलं की डबा नापास. नापास डबे आम्ही वाटून घरी न्यायचो. भाताची वाफ जायला ते भोक फार सोयीचं असतं.

अक्कांचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. “माणूस नाही चुकला, डबा चुकला.” कुणीही काहीही गोंधळ घालो, त्यांचा निकाल हाच. मला एकदा एक डबा घरी लावून बघायला दिला. हवेचं तापमान मोजायचं होतं. मी तो गॅलरीत, पावसाला न भिजणाऱ्या छान कोपऱ्यात टांगला. त्या आठवड्यात नल्लकुंटा वाळवंटापेक्षा गरम निघाला. एका तरुण शास्त्रज्ञानं तर शहरातल्या उष्णतेवर भाषणाची तयारीही सुरू केली. मग लक्षात आलं, की तो छान कोपरा आमच्या एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या तोंडासमोर होता. मी मान खाली घालून अक्कांपुढे उभा राहिलो.

“तुम्ही कायकू परेशान होता?” त्या म्हणाल्या. “माणूस नाही चुकला. गरम वाऱ्याच्या झोतात टांगलं तर डब्यानं ओरडायला पाहिजे होतं.” आणि महिन्याभरात डबा ओरडायला लागला.

मी हे वाक्य घरी नेलं. आमटी खारट झाली तेव्हा बायकोला उदारपणे म्हणालो, “माणूस नाही चुकला, मिठाचा डबा चुकला.” बायको म्हणाली, “आमटी तूच केलीयस.”

अक्कांचा फोन दिवसभर वाजायचा. कुठून कुठून शास्त्रज्ञ फोन करायचे. लाल दिवा लागलाय, दिवाच लागत नाही, माकडानं झाकण नेलं. फोनवर मात्र त्यांच्या तोंडात पाणी नसायचं. काम जमेपर्यंत त्या फोन ठेवत नसत, आणि डबा सुरू होईपर्यंतच्या वेळात त्या माणसाचं घरदार, गुडघेदुखी, रखडलेला प्रबंध, सगळं कळून घ्यायच्या. फोन ठेवला की कपाळाला हात लावायच्या. “परेशान करून सोडलंय या लोकांनी. हे फोन बंद झाले पाहिजेत. फोन आला की समजायचं, डबा नापास.”

फोन बंद होण्याची वेळ आली, पण वेगळ्या कारणानं. आमच्या डायरेक्टरसाहेबांचा धीर सुटला होता. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना फक्त गोष्टी संपलेल्या आवडतात, आणि अक्कांचा डबा काही संपत नव्हता. एके दिवशी त्यांनी अक्कांना बोलावून सांगितलं, की बाहेरून तयार यंत्रणा विकत मिळते, ती घेऊन टाकू. डबा बंद. निवृत्तीपर्यंतची वर्षं अक्कांनी खाली स्टोअरमध्ये बसून खुर्च्या-पंखे सांभाळावेत. अक्का उभ्याउभ्याच म्हणाल्या, “एक मौका द्या, साहेब.” मौका मिळाला. ज्यानं डबा कधी पाहिलेला नाही अशा एका शास्त्रज्ञानं, कुणालाही काही न विचारता, एका सकाळीत अख्ख्या तलावाभोवती जाळं बसवून दाखवायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे दिवे हिरवे. एकही राहिला तर डबा बंद.

हातात थोडेच दिवस होते आणि डब्यातलं नेमकं काय चुकतंय ते कुणाला सांगता येत नव्हतं. आम्ही ऑफिसातले सगळे आता शिकून शहाणे झालो होतो. मीसुद्धा. अक्का माझ्याकडे बघून हळहळल्या, “तुम्हालाबी यायला लागलं की हो सगळं.” माझ्या आयुष्यात माझ्या प्रगतीचं एवढं दुःख कुणाला झालेलं नाही.

नवी माणसं हवी होती. तेव्हा संक्रांतीचे दिवस होते. अक्कांनी दिलसुखनगरच्या आपल्या फ्लॅटवर हळदीकुंकू ठेवलं. माझी बायको निमंत्रित होती, मी आणि ऑफिसातले आणखी तिघे हमाल. गॅलरीत ओळीनं कुंड्या मांडलेल्या. प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावलं की हातात एक डबा दिला जाई आणि अक्का कुंडीकडे बोट दाखवत. आधी डबा लावायचा, मग तिळगूळ. सगळ्यांना डबे देऊन झाल्यावर अक्कांनी पाण्याचा घोट भरला आणि हात मांडीखाली घेऊन दिवाणावर बसल्या. गोड बोलायच्या सणाला यजमानीणबाईंच्या तोंडून शब्द नाही. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारणीनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, “क्या हुआ, झगड़ा हुआ क्या?” बायकोनं माझ्याकडे बघितलं. काही झालं की ती आधी माझ्याकडेच बघते.

आणि मग सगळ्या बायकांनी एकच चूक केली. डब्याची मोजमापाची तार कुंडीतल्या मातीत खोचली, डब्याचं झाकण टक्‌ करून लावलं आणि मग त्या चारी बाजूंनी बटण शोधायला लागल्या. बटण आत होतं. पुस्तिकेत मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आधी बटण दाबा, नंतर झाकण लावा.’ पण झाकण उघडं ठेवून पुढचं काम करायची सवय त्यांतल्या एकीलाही नव्हती. माझ्या बायकोनं तर झाकण लावून वर हातानं दाबूनही बघितलं, आतली शेव मऊ पडू नये तसं. अक्का बघत होत्या. एक बाई, दुसरी बाई, तिसरी बाई. टक्‌, टक्‌, टक्‌. अचानक त्या उठून बेसिनकडे धावल्या, तोंड मोकळं करून आल्या आणि एकेकीच्या गालांवरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

“झाकणानंच चालू झालं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “माणूस नाही चुकला.” बाकीचं वाक्य ऑफिसातल्या आम्ही चौघांनी पुरं केलं. बायकांना काही कळलं नाही, पण त्यांना तिळगूळ मिळाला.

नव्या डब्यात बटणच नव्हतं. झाकणात एक लोहचुंबक बसवला. झाकण लागलं की डबा जागा होतो, आपण कुठे आहोत ते पाहतो, शेजाऱ्यांना हाक मारतो आणि ओळख पटली की हिरवा दिवा लावतो. माझी जाडजूड पुस्तिका अखेर एका ओळीवर आली. ‘झाकण लावलं की चालू.’ अक्कांनी ती ओळ वाचली, मान डोलवली आणि म्हणाल्या, “छान आहे. हीपण काढता येते का बघते.”

परीक्षेचा दिवस उजाडला. शहराबाहेरचा तलाव, काठावर मोठमोठे काळे धोंडे, सीताफळीची झुडपं आणि एक कडुनिंब. शास्त्रज्ञ म्हणून डायरेक्टरसाहेबांनी मूर्तीसरांना आणलं होतं. मूर्तीसर गोगलगायींचे मोठे अभ्यासक. यंत्रांवर त्यांचा इतका राग की मोबाइलसुद्धा रुमालात गुंडाळून ठेवायचे. त्यांना यायचंच नव्हतं. “मेरे को क्या आता ये सब,” ते गाडीतून उतरता उतरताच म्हणाले. डायरेक्टरसाहेब घड्याळ सारखं करून झाडाखाली खुर्ची टाकून बसले. अक्कांनी पाण्याचा घोट भरला आणि एका धोंड्यावर हात मांडीखाली दाबून बसल्या. मी गाडीतून सगळे डबे काढून, झाकणं नुसती वर टेकवून, मूर्तीसरांच्या झोळीत भरले आणि अक्कांच्या शेजारी येऊन बसलो.

मूर्तीसरांनी पहिला डबा उलटासुलटा करून पाहिला आणि अक्कांकडे आले. “अम्मा, ये कैसा लगाना?” अक्का गाल फुगवून समोर बघत राहिल्या. सरांनी जरा वाट पाहिली. “अच्छा, मौन है क्या आज?” म्हणून त्यांनी आदरानं हात जोडले आणि परत गेले. त्यांनी झाकण लावलं. हिरवा दिवा लागला. सर दचकले. दिव्याकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग डबा एका खुंटाला बांधला. दुसरा डबा त्यांनी जरा घाईनं बांधला. तिसऱ्यापासून ते गुणगुणायला लागले. काही डब्यांना तारा होत्या, त्या पाण्यात सोडायच्या. काही नुसते निरोपे, म्हणजे मोजायचं काही नाही, या डब्याचं त्या डब्याला पोचवायचं. ते बिनतारेचे. सरांनी कुणाला न विचारता तारेचे पाण्यापाशी लावले आणि बिनतारेचे उंचावर. मी अक्कांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं की तोंडातलंच वर चढलं होतं, कोण जाणे.

मग पलीकडच्या काठावर सर थांबले. एका बाभळीला त्यांनी डबा बांधला होता आणि दिवा लागत नव्हता. झाकण दाबून बघितलं. नाही. डायरेक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. सर परत आमच्या बाजूला ठेवलेल्या मोठ्या पेटीपाशी आले. तिच्यावर छोटा पडदा असतो, त्यावर बोलायला लागलेले सगळे डबे दिसतात. तो एक दिसत नव्हता. अक्कांच्या मानेवरची शीर ताठ झाली. एवढं मोठं काम त्या एका दिव्यापाशी येऊन अडलं होतं, आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

मला ताण आला की भूक लागते. हा माझा जुना दोष आहे आणि तो कुठल्याही वेळी उपटतो. मी पिशवीतून माझा डबा काढला. दहीभात होता, बायकोनं वर मिरची फोडणीला घातलेली. झाकण सैलच होतं, उचललं. आत दहीभात नव्हता. आत बॅटरी होती आणि हिरव्या पाटीवर बारीक बारीक भाग होते.

मी झाकण गपकन लावलं. माणूस असंच करतो. माझ्या मांडीवर हिरवा दिवा लागला.

तलावाच्या पलीकडच्या बाभळीला काय बांधलेलं आहे ते मला त्या क्षणी समजलं. नापास डबा, वाकड्या भोकाचा, वाफेसाठी सोयीचा. सकाळी झोळी भरताना गडबडीत माझ्या पिशवीतला जेवणाचा डबा तिकडे गेला होता, आणि त्याच्या जागी एक निरोप्या माझ्या पिशवीत आला होता. ओरडून सांगावं तर बोलायची बंदी. मदत केली की परीक्षा रद्द. मी तो उजळलेला डबा मांडीवर धरून बसून राहिलो. अक्कांनी हळूहळू मान वळवली. आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फुगलेल्या गालांनी माणूस इतकं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

“अरे,” मूर्तीसर मोठ्या पेटीपाशी म्हणाले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, मग वर बघितलं, मग पुन्हा पडद्यावर. “एक डिब्बा उधर पत्थर पे बोल रा.” आणि पडद्यावरून दिशा धरून, बोट पुढे करून, ते सरळ चालत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी दोन्ही हातांनी डबा त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, बाभळीपाशी गेले, तिथला डबा सोडून हा बांधला आणि सोडलेला उघडून पाहिला. वासही घेतला. मग तो घेऊन परत आले.

“साब,” ते डायरेक्टरसाहेबांना म्हणाले, “ये सेन्सर खराब नहीं हुआ. अभी ताजा है.”

मोठ्या पेटीच्या पडद्यावर सगळे डबे हिरवे झाले होते. जेवणाची वेळ व्हायची होती. डायरेक्टरसाहेब खुर्चीतून उठले, पडद्यापाशी गेले, पुष्कळ वेळ बघत राहिले. “चावल का डिब्बा गिनती में नहीं लेता मैं,” ते शेवटी म्हणाले. “आणि खरं सांगू का, तो हरवलेला डबा यांनी एकट्यांनी शोधून काढला. त्या बाहेरच्या यंत्रणेत हे झालं असतं का, मला माहीत नाही.” त्यांची मराठी कामापुरती आहे, पण त्या दिवशी पुरली.

अक्कांनी धोंड्यामागे जाऊन चूळ टाकली. आता माझी पाळी, असं म्हणून मी तयार झालो.

“लेखकसाहेबांना कुणी काही बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “जेवायचा डबा आणि हा डबा सारखाच दिसायलाय, मग माणूस काय करणार? उद्यापासून झाकणं पिवळी.” मूर्तीसर आणि डायरेक्टरसाहेब तोवर माझा दहीभात खात होते. मी त्याबद्दलही कुणाला काही बोललो नाही.

पिवळ्या झाकणांचे डबे आता कुठे कुठे आहेत. डोंगरात, खाडीकाठी, भाताच्या खाचरात, माळरानावर. मेळघाटाकडे काम करणाऱ्या एका मुलीनं अख्खं जाळं एका सकाळीत एकटीनं बसवलं. मूर्तीसरांनी तर स्वतःहून आणखी डबे मागवले, आणि म्हणे आता नव्या शास्त्रज्ञांना तेच शिकवतात, म्हणजे डबा हातात देतात आणि गप्प बसतात. पाहुणे आले की मी त्यांना अक्कांच्या टेबलापाशी नेतो आणि डबा आमचा आहे असं सांगताना माझा आवाज जरा वर जातो. त्यात माझा वाटा काय, असं कुणी विचारलं तर, या डब्यात जी जी चूक आता करता येत नाही, ती ती मी एकदा करून ठेवलेली आहे. पुस्तिकेचं काम राहिलं नाही. पण मला काढलं नाही. दर नव्या डब्यासाठी मी लागतो.

मध्यंतरी एकदा अक्का म्हणाल्या, “लेखकसाहेब, जरा एक मिस कॉल द्या. माझा फोन बिघडला वाटतं.”

दिला. वाजला. “ठीक आहे,” म्हणून त्या कामाला लागल्या.

काही दिवसांनी पुन्हा तेच. मी आपला सल्ला दिला, सिम बदला. मग एका संध्याकाळी मीच तो फोन घेऊन दिलसुखनगरला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं तो उघडला, फुंकर मारली, पुन्हा बंद केला. “कुछ नहीं हुआ इसको,” तो म्हणाला. “कॉल आएगा तो बजेगा ना, साब.”

तरी मला समजलं नाही. मला वेळ लागतो.

परवा दुपारी सगळे खाली जेवायला गेले होते. अक्का कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. पडद्यावर नकाशा आणि त्यावर हिरवे ठिपके, जिथे जिथे डबे आहेत तिथे. मी सहज विचारलं, हा कुठला?

“ही मेळघाटची पोरगी,” अक्का म्हणाल्या. “आधीचे डबे होते तवा रोज फोन करायची. हिचं लग्न ठरायलं होतं. झालं का काय, कळालं नाही.” बोट दुसऱ्या ठिपक्यावर गेलं. “हे खाडीवरचे सर. यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणत होते. आणि हे इकडचे, यांचा प्रबंध अडला होता. गाइड लई त्रास द्यायला होता बघा.”

“मग काय झालं त्याचं?”

“कसं कळणार? डबा बोलतो, पण डब्याचंच बोलतो.”

“अक्का, तुम्हीच करा की फोन.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी पुन्हा बॅटरी उलटी घातलीय. “काय म्हणून करू? सगळे हिरवे आहेत. एकाचंबी काही अडलेलं नाही.” हे सांगताना त्यांची मान ताठ होती. एवढ्या वर्षांची कमाई होती ती, ताठ असणारच. मग नकाशा बाजूला करून त्या म्हणाल्या, “जरा मिस कॉल द्या बघू.”

मी माझ्या जागेवर जाऊन फोन लावला. त्यांचा वाजला. दरवेळी एवढ्यावर मी कट करायचो. या वेळी केला नाही. तो वाजत राहिला. अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि उचलला.

“बोला. काय अडलं?”

“अडलं काही नाही, अक्का,” दोन टेबलं पलीकडून मी फोनमध्ये म्हणालो. “सहज केला.”

“सहज,” त्या म्हणाल्या.

“घरी कसे आहेत सगळे?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बायकोच्या आईचं, मुलीच्या शाळेचं, जे जे सुचलं ते. त्या हूं हूं करत नीट ऐकत होत्या. खालून जिन्यावर लोकांची पावलं वाजायला लागली तसा त्यांनी फोन ठेवला.

मी हात धुवून परत आलो तेव्हा फोन पुन्हा त्यांच्या कानाला होता आणि खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती.

“अगं नाही नाही, डबा एकदम ठीक आहे,” अक्का म्हणत होत्या. “तुझंच विचारायला केला.”